मेल आली होती, दिसली नाही: थंडरबर्डला स्वतःहून मेल तपासायला लावण्याची पूर्ण पद्धत

माझी बहीण कर सल्लागार आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या ऑफिसात एका अशिलाची नोटीस नऊ दिवस पडून राहिली. उत्तराची मुदत सात दिवसांची होती. कॉम्प्युटर सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत चालू, त्यावर थंडरबर्ड (मेल वाचण्या-पाठवण्याचा प्रोग्रॅम) उघडं, आणि 'दर १० मिनिटांनी मेल तपासा' या ओळीवर टिकसुद्धा केलेली. तरीही ती मेल कोणालाच दिसली नाही. दोन संध्याकाळी बसून शोधल्यावर कारण सापडलं, ते पुढे सांगणारच आहे. पण त्या दोन संध्याकाळींनी एक गोष्ट पक्की कळली. मेल आपोआप तपासली जाणं म्हणजे एक टिक नव्हे. प्रोग्रॅम चालू हवा, त्याने योग्य फोल्डरमध्ये बघायला हवं आणि बघितलेलं आपल्याला कळवायला हवं. यातलं एक जरी राहिलं तरी बाकीचं सगळं बरोबर असून उपयोग होत नाही.

हा लेख विंडोजवरच्या थंडरबर्डसाठी आहे. हा प्रोग्रॅम फुकट आहे, त्याची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली आणि तो आजही सांभाळला जातो. लिनक्स आणि मॅकवरही बहुतेक सेटिंग्ज हीच आहेत. मेनूची नावं इंग्रजी पडद्यावर दिसतात तशीच देवनागरीत लिहिली आहेत. आवृत्तीप्रमाणे एखादं बटण इकडचं तिकडे झालेलं असू शकेल.

आधी ठरवा: आयमॅप की पॉप

अकाउंट जोडताना हा प्रश्न येतो आणि घाईत कोणतंही एक निवडलं जातं. पुढच्या निम्म्या तक्रारी इथेच जन्माला येतात, म्हणून इथे थोडं थांबू.

पॉपची पद्धत पोस्टाच्या पेटीसारखी. कॉम्प्युटर सर्व्हरवर, म्हणजे मेल देणाऱ्या कंपनीच्या यंत्रावर जातो, आलेल्या मेल उचलून घरी आणतो आणि सांगितलं असेल तर पेटी रिकामी करून येतो. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात, तुमचा कॉम्प्युटर आणि फोन त्याच एका कपाटात डोकावतात. इथे वाचलेली मेल तिथेही वाचलेली दिसते. आयमॅपची कल्पना मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डमध्ये मांडली. एकाच माणसाकडे दोन-तीन यंत्रं असण्याचा आजचा प्रकार तिला बरोबर जुळतो.

लहान ऑफिसांत एक दृश्य मी वारंवार बघितलं आहे. 'इन्फो' नावाचा एकच पत्ता, दोन टेबलांवर दोन कॉम्प्युटर आणि दोन्हीकडे पॉप. दोघंही दर १० मिनिटांनी मेल तपासतात. जो आधी पोचतो तो मेल उचलून पेटी रिकामी करतो, दुसऱ्याला ती कधीच दिसत नाही. निम्म्या मेल या टेबलावर, निम्म्या त्या टेबलावर, आणि दोघांनाही वाटतं की आपल्याकडे सगळ्या येतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आयमॅप मिळत असेल तर आयमॅपच घ्या. पॉप फक्त तेव्हाच, जेव्हा मेल देणाऱ्या कंपनीने सर्व्हरवर अगदी थोडी जागा दिली असेल. तेव्हाही सर्व्हर सेटिंग्जमधली 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' ही टिक चालू ठेवा आणि तिच्या खालची दिवसांची मुदत १४ असू द्या. पॉपमध्ये आणखी एक टिक लागते: 'ऑटोमॅटिकली डाउनलोड न्यू मेसेजेस'. ती नसेल तर प्रोग्रॅम मेल आल्याचं बघतो, पण उतरवून घेत नाही.

अकाउंट जोडणं

उजवीकडे वर तीन आडव्या रेघा दिसतात, तो मुख्य मेनू. त्यातून 'न्यू अकाउंट' आणि मग 'ईमेल'. नाव आणि पत्ता भरा, मागितला तर पासवर्डही भरा आणि पुढे जा. थंडरबर्ड सर्व्हरचे तपशील स्वतः शोधून काढतं.

जीमेल असेल तर गूगलची साइन-इनची खिडकी उघडते. पासवर्ड त्याच खिडकीत टाकायचा आणि परवानगी द्यायची. या पद्धतीला ओऑथ२ म्हणतात. हिच्यात तुमचा पासवर्ड थंडरबर्डकडे राहत नाही, फक्त परवानगीची एक किल्ली राहते. साधा पासवर्ड टाकून जोडण्याची जुनी सोय गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी मे २०२२ च्या शेवटी बंद केली, त्यामुळे त्याआधीचे लेख वाचून सेटिंग करू नका. ही खिडकी कोरी येत असेल किंवा पुन्हा पुन्हा तिथेच फिरत असेल, तर थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन कुकीज स्वीकारण्याची टिक आहे का ते बघा. ती काढलेली असेल तर साइन-इन होत नाही.

स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे जीमेलऐवजी आपल्या ऑफिसच्या नावाचा पत्ता असेल तर तपशील कधीकधी हाताने भरावे लागतात. आयमॅपसाठी पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) ९९३ आणि एसएसएल/टीएलएस (जोडणी सुरक्षित करण्याची पद्धत). पॉपसाठी ९९५ आणि तेच. मेल पाठवण्यासाठी ४६५ आणि एसएसएल/टीएलएस, किंवा ५८७ आणि स्टार्टटीएलएस. सर्व्हरचं नाव अंदाजाने टाकू नका, होस्टिंग देणाऱ्याला विचारून घ्या. नाव जुळलं नाही की प्रमाणपत्राची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची सूचना येते आणि 'अपवाद म्हणून मान्य करा' असं बटण समोर येतं. ते दाबून पुढे जाऊ नका. आज मेल येतील, पण प्रमाणपत्र बदललं की तपासणी अडेल. शिवाय मधल्या काळात आपण नक्की कोणाशी बोलतोय याची खात्री आपणच सोडून दिलेली असते.

पहिल्यांदा जोडल्यावर थंडरबर्ड सगळ्या फोल्डरमधल्या सगळ्या मेल उतरवायला लागतं. दहा वर्षांचं जीमेल असेल तर यात तासन्‌तास जातात आणि त्या काळात नवी मेल उशिरा दिसते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर दिवसाचा डेटाही संपेल. 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' उघडा आणि सगळ्यांऐवजी अलीकडच्या ठरावीक दिवसांच्याच मेल ठेवण्याचा पर्याय निवडा. मी बहुतेक ठिकाणी ९० दिवस ठेवते. जुन्या मेल सर्व्हरवर असतातच, शोधता येतात.

तपासणीच्या तीन टिका

डावीकडे अकाउंटच्या नावावर राइट क्लिक, 'सेटिंग्ज', मग 'सर्व्हर सेटिंग्ज'. इथे तीन ओळी आहेत.

पहिली, 'चेक फॉर न्यू मेसेजेस ॲट स्टार्टअप'. प्रोग्रॅम उघडताच एकदा तपासणी. ही चालू ठेवा. विशेषतः एकाहून जास्त अकाउंट असतील तर प्रत्येकाच्या पानावर जाऊन वेगळी बघा. ही सेटिंग्ज अकाउंटनिहाय असतात, एकाची दुसऱ्याला लागू होत नाहीत.

दुसरी, 'चेक फॉर न्यू मेसेजेस एव्हरी' आणि पुढे मिनिटांची चौकट. मुळात १० असतात. हा आकडा १ करावा असं सगळ्यांना वाटतं. मी तसं करू देत नाही, कारण तिसऱ्या ओळीमुळे त्याची गरज उरत नाही.

तिसरी ओळ लांबलचक आहे: 'अलाव इमिजिएट सर्व्हर नोटिफिकेशन्स व्हेन न्यू मेसेजेस अराइव्ह'. ही फक्त आयमॅपमध्ये दिसते आणि हिच्या मागे 'आयडल' नावाची एक आज्ञा आहे, १९९७ मध्ये ठरलेली. एरवी कॉम्प्युटर दर काही मिनिटांनी सर्व्हरला विचारतो, 'काही आलं का?' आयडलमध्ये तो एकदाच सांगून ठेवतो, 'मी इथे आहे, काही आलं की हाक मार,' आणि जोडणी उघडी ठेवून गप्प बसतो. मेल आली की सर्व्हरच कळवतो, सहसा काही सेकंदांत. म्हणजे इनबॉक्ससाठी मिनिटांचा प्रश्नच राहत नाही.

मग दहा मिनिटांची टिक कशाला? कारण उघडी ठेवलेली जोडणी तुटते. बराच वेळ शांत असलेली जोडणी सर्व्हर बंद करू शकतो, म्हणून प्रोग्रॅमने निदान दर २९ मिनिटांनी आयडलची आज्ञा पुन्हा द्यावी असं त्या नियमातच लिहिलं आहे. पण घरातला राउटर किंवा मोबाइल नेटवर्क त्याआधीच गुपचूप जोडणी सोडून देतं, आणि दोन्ही टोकांना ते कळत नाही. वीज जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला की हेच. अशा वेळी दहा मिनिटांची फेरी सगळं पुन्हा रुळावर आणते. म्हणून दोन्ही टिका हव्यात.

त्याच पानावर 'ॲडव्हान्स्ड' बटणात एकावेळी किती जोडण्या ठेवायच्या तो आकडा असतो, मुळात ५. जीमेल एका खात्याला एकावेळी १५ जोडण्या देतं. ऑफिसचे तीन कॉम्प्युटर आणि दोन फोन एकाच पत्त्यावर असतील तर ती मर्यादा ओलांडली जाते आणि मधूनमधून 'खूप जोडण्या आहेत' असा अडथळा येतो. स्वस्त होस्टिंगवर मर्यादा याहून कमी असू शकते. अशा ठिकाणी प्रत्येक कॉम्प्युटरवर हा आकडा २ किंवा ३ करा.

नोटीस कुठे अडकली होती

आता त्या नऊ दिवसांकडे येते.

बहिणीने जीमेलमध्ये एक फिल्टर केला होता. ठरावीक पत्त्यांवरून आलेली मेल 'नोटिसा' या लेबलमध्ये टाकायची आणि 'स्किप द इनबॉक्स', म्हणजे इनबॉक्समध्ये ठेवायची नाही. हेतू चांगला होता, महत्त्वाच्या मेल गर्दीत हरवू नयेत. जीमेलचं लेबल थंडरबर्डमध्ये फोल्डर म्हणून दिसतं. पण थंडरबर्ड मुळात आपोआप तपासतं ते इनबॉक्स. बाकीच्या फोल्डरमध्ये नवं काय आलं हे त्याला बऱ्याचदा तुम्ही त्या फोल्डरवर क्लिक करता तेव्हाच कळतं. सर्व्हरने मेल थेट 'नोटिसा'मध्ये ठेवली, इनबॉक्सला काही कळलं नाही, फोल्डरचं नाव ठळक झालं नाही, आवाज झाला नाही. महत्त्वाची म्हणून बाजूला काढलेली मेल सर्वांत जास्त लपली.

उपाय असा. ज्या फोल्डरकडे लक्ष हवं त्याच्यावर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज' उघडा. 'जनरल इन्फर्मेशन'च्या पानावर ही ओळ आहे: 'व्हेन गेटिंग न्यू मेसेजेस फॉर धिस अकाउंट, ऑलवेज चेक धिस फोल्डर'. तिच्यावर टिक करा आणि 'ओके'. आता दर १० मिनिटांच्या फेरीत हा फोल्डरही बघितला जाईल. माझ्या मते या पूर्ण लेखातली सगळ्यात मोलाची टिक हीच, आणि ती सर्व्हर सेटिंग्जच्या पानावर नसल्यामुळे लोकांच्या नजरेला पडत नाही.

फोल्डर यादीत दिसतच नसेल तर अकाउंटवर राइट क्लिक करून 'सबस्क्राइब' उघडा आणि त्याच्या नावासमोर टिक करा. तरीही नसेल तर जीमेलच्या वेबपानावर सेटिंग्जमध्ये 'लेबल्स'खाली त्या लेबलासमोर 'शो इन आयमॅप' बंद आहे का ते बघा. तिथेच असताना 'ऑल मेल'समोरची हीच टिक काढली तरी चालते. ती असली की प्रत्येक मेल कॉम्प्युटरवर दोनदा येते.

सगळेच फोल्डर तपासायला लावण्याचीही सोय आहे. 'सेटिंग्ज', 'जनरल', अगदी तळाशी 'कॉन्फिग एडिटर'. शोधचौकटीत 'चेक', 'ऑल', 'फोल्डर्स', 'फॉर', 'न्यू' हे इंग्रजी शब्द अंडरस्कोरने जोडून लिहा. 'मेल', 'सर्व्हर', 'डिफॉल्ट'ने सुरू होणारी एक ओळ येईल, तिची किंमत 'फॉल्स'वरून 'ट्रू' करा. पाच-सात फोल्डर असतील तर हे सोपं. चाळीस लेबलं असतील तर प्रत्येक फेरी रेंगाळते. तिथे मोजक्या फोल्डरांना टिक लावणंच बरं.

आणि ज्या मेलला मुदत असते, तिच्यासाठी मी आता वेगळंच सुचवते. फिल्टर ठेवा, लेबल ठेवा, पण 'स्किप द इनबॉक्स' काढून टाका. मेल इनबॉक्समध्येही दिसेल आणि लेबलखालीही. बहिणीच्या ऑफिसात आता असंच आहे. मेल इनबॉक्समध्ये असल्यामुळे आयडलची हाक लगेच येते, दहा मिनिटंही थांबावं लागत नाही.

स्पॅमच्या फोल्डरची हमी मात्र कोणतीही टिक देत नाही. जीमेल स्पॅममधल्या मेल ३० दिवसांनी पुसून टाकतं, म्हणून आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी वगैरे, तिथे स्वतः नजर टाकायची सवय लावा.

कळलं पाहिजे

'सेटिंग्ज', 'जनरल', 'इनकमिंग मेल्स'. 'शो ॲन अलर्ट' आणि 'प्ले अ साउंड' या दोन टिका. आवाज विंडोजचा नेहमीचा ठेवू नका, कारण दिवसभर सगळेच प्रोग्रॅम तोच आवाज करतात आणि कान त्याला सरावतात. स्वतःची एखादी छोटी डब्ल्यूएव्ही फाइल द्या. अलर्टमध्ये काय दिसावं हे 'कस्टमाइझ'मधून ठरवता येतं. लोक समोर बसतात अशा टेबलावर मेलचा मजकूर दिसू देऊ नका, विषय आणि पाठवणारा एवढं पुरे.

विंडोजचं 'डू नॉट डिस्टर्ब' चालू असेल तर पडद्यावर काही येत नाही. घड्याळाशेजारच्या घंटेच्या चिन्हावरून ते कळतं.

प्रोग्रॅम चालू राहिला पाहिजे

थंडरबर्ड बंद असताना काहीच तपासलं जात नाही. आणि कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं की ते खरंच बंद होतं. व्हॉट्सॲपच्या फोनवरच्या सवयीमुळे अनेकांना वाटतं की मागे काहीतरी चालू राहतं. तसं नाही.

'सेटिंग्ज'च्या 'जनरल' पानावर मिनिमाइझ केल्यावर ट्रेमध्ये नेण्याची टिक आहे, ती करा. मग फुलीऐवजी आडव्या रेघेवर क्लिक करायचं, प्रोग्रॅम घड्याळाशेजारी जाऊन बसतो. ऑफिसात सगळ्यांना हे एकदा हातात हात धरून दाखवावं लागतं. सांगून लक्षात राहत नाही.

कॉम्प्युटर सुरू होताच थंडरबर्ड सुरू व्हावं म्हणून विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, चौकटीत इंग्रजीत 'शेल', कोलन, 'स्टार्टअप' असं सलग लिहून एंटर करा. जो फोल्डर उघडेल त्यात थंडरबर्डचा शॉर्टकट ठेवा. शॉर्टकटच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रन'समोर 'मिनिमाइज्ड' निवडता येतं. इथे एक सापळा आहे. थंडरबर्डला 'प्रायमरी पासवर्ड' लावला असेल तर सुरू झाल्यावर ते तो मागतं, आणि तो टाकेपर्यंत मेल तपासली जात नाही. सकाळी कॉम्प्युटर चालू करणारा आणि पासवर्ड माहीत असलेला माणूस एकच असेल याची खात्री करा.

लॅपटॉप झोपला की तपासणीही थांबते. मेल हरवत नाही, सर्व्हरवर असते, जागा झाल्यावर येते. पण दिवसभर लक्ष हवं असेल तर 'पॉवर'च्या सेटिंग्जमध्ये चार्जर लावलेला असताना झोपण्याची वेळ वाढवा.

तरीही मेल येत नसेल तर

एफ५ दाबा, चालू अकाउंटची मेल लगेच मागवली जाते. शिफ्ट आणि एफ५ दाबलं तर सगळ्या अकाउंटची. याने मेल आली तर जोडणी ठीक आहे, चूक वरच्या टिकांत आहे. याने नाही आली तर खाली डाव्या कोपऱ्यातलं छोटं चिन्ह बघा. चुकून त्यावर क्लिक झालं की थंडरबर्ड ऑफलाइन होतं आणि तक्रार न करता बसून राहतं. पुन्हा क्लिक केलं की ऑनलाइन. मी सोडवलेल्या अडचणींत ही वारंवार भेटली आहे.

नुकताच गूगलचा पासवर्ड बदलला असेल तर थंडरबर्डकडची किल्ली रद्द होते आणि पुन्हा साइन-इन करावं लागतं. ती खिडकी कधीकधी दुसऱ्या खिडकीमागे दडते, टास्कबारवर बघा. डोमेनच्या मेलचा पासवर्ड बदलला असेल तर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधल्या 'सेव्ह्ड पासवर्ड्स'मधून जुना काढून टाका, पुढच्या फेरीत नवा विचारला जाईल. शिवाय डोमेनच्या मेलबॉक्सची जागा भरलेली असेल तर नवी मेल सर्व्हरवरच पोचत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जाते. ते थंडरबर्डमध्ये कधीच दिसणार नाही, होस्टिंगच्या पानावरच कळेल.

करून बघा

सेटिंग झाल्यावर प्रोग्रॅम ट्रेमध्ये पाठवा आणि दुसऱ्याच कोणाच्या पत्त्यावरून स्वतःला मेल करायला सांगा. स्वतःच्याच पत्त्यावरून करू नका, त्याने खरी चाचणी होत नाही. इनबॉक्सची मेल मिनिटभरात कळायला हवी. मग फिल्टर ज्या फोल्डरमध्ये मेल टाकतो, त्या फिल्टरला लागू पडेल अशी दुसरी मेल मागवा आणि फोल्डरवर क्लिक न करता दहा मिनिटं थांबा. क्लिक केलंत तर ती मेल तुम्ही आणलेली असेल, प्रोग्रॅमने नव्हे.

आम्ही ही दुसरी चाचणी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला करतो. दिवाळीनंतर बहिणीने एका नव्या अशिलासाठी नवं लेबल केलं आणि डिसेंबरच्या चाचणीत तिथली मेल आलीच नाही. नव्या फोल्डरला टिक आपोआप मिळत नाही, ती प्रत्येक वेळी नव्याने करावी लागते. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टिक, ओके.